बाळाचा दात उशिरा येतो तेव्हा

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वसई येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षणप्रसार, विवाहातील अवास्तव खर्च, वाड्यांची विक्री अशा भारदस्त विषयांवर विद्वान वक्त्यांनी आपले विचार मांडलेले आहेत. मी बाळाच्या दातासंबंधी बोलणार आहे असे कळविले, तेव्हा आपल्या चिटणीसांनी दोन वेळा विचारून घेतले की विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना! चूक झालेली नाही. गेल्या वर्षी ह्याच एका दाताने माझ्या घरातील शांतता चार महिने हिरावून घेतली, आणि त्या दाताच्या नावाखाली आमचे एक मूल हातचे जाण्याची वेळ आली होती. तो अनुभव आपल्यापुढे ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

मी वैद्य नाही. उभा जन्म प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेला. म्हणून जे सांगेन ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि नंतर ग्रंथांतून पडताळून पाहिलेले असेच सांगेन. चूक मात्र सर्वस्वी माझी स्वतःची सांगणार आहे. तिच्यासाठी ग्रंथ पाहण्याची आवश्यकता नाही.

माझा नातू चैत्रात एक वर्षाचा झाला. पूर्ण दिवसांचा, चांगल्या वजनाचा, हसरा मुलगा. भिंत धरून उभा राहत असे, हाक मारली की वळून पाहत असे. परंतु तोंडात एकही दात नव्हता. वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांनी बाळाच्या हातातील खेळण्यांपेक्षा त्याच्या हिरड्याच अधिक न्याहाळल्या. कोणी म्हणाले, उशिरा येणारे दात पक्के असतात, काळजी नको. कोणी म्हणाले, आईच्या अंगात चुना कमी असणार. सूनबाई गरोदरपणी सातव्या महिन्यापर्यंत विरारहून चर्चगेटला गाडीने कामाला जात होत्या, त्या धक्क्यांनीच हे झाले असे एका बाईंनी निदान केले. आणि शेवटी ठेवणीतला प्रश्न आलाच: "मुलीच्या माहेरी कोणाचे दात असे उशिरा आले होते का?" सूनबाई त्या वेळी पाहुण्यांना पाणी देत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. मी तेथेच बसलो होतो. मी काही बोललो नाही. ही माझी पहिली चूक.

पुढे उपायांची रीघ लागली. चांदीचा रुपया हिरडीवर घासावा. मध आणि टाकणखार चोळावा. एका गृहस्थांच्या ओळखीचा मनुष्य हिरडीला बारीकशी चीर देऊन दाताला वाट करून देतो, त्याच्याकडे न्यावे. ह्यांतील शेवटचा उपाय ऐकून सूनबाईंनी स्पष्ट शब्दांत नकार दिला आणि त्यामुळे घरात अबोला झाला. आज मी ह्या सभेत सांगतो की त्या वेळी आमच्या घरात शहाणे माणूस एकच होते, आणि ते तेच होते.

मृगाचा पाऊस पडला आणि बाळाला जुलाब सुरू झाले. मी म्हणालो, "दात येताहेत. आमच्या वेळी सर्वांना असेच होत असे." सर्वांचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो तो दात आता येणार, म्हणून घरात जवळजवळ आनंदच झाला! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. दुसऱ्या रात्री सूनबाईंच्या ध्यानात आले की बाळ रडते आहे, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. सकाळपासून दुपटे ओले झालेले नाही. डोळे खोल गेले आहेत. त्यांनी कोणाचीही परवानगी न घेता रिक्षा बोलाविली. डॉक्टरांनी बाळाला पाहिले, शिरेतून सलाइन सुरू केले, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, दोन दिवस कशाची वाट पाहिलीत?" मी म्हणालो, "दाताची." ते काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या मौनाचे उत्तर म्हणून मी आज येथे उभा आहे.

बंधुभगिनींनो, दाताला दोषी ठरविण्याची ही खोड केवळ आपलीच नाही. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्स ह्या देशांच्या मृत्युनोंदीत पाच हजारांहून अधिक बालमृत्यूंचे कारण 'दात येणे' असे लिहिलेले आहे. सोळाव्या शतकात आंब्र्वाझ पारे ह्या नामांकित फ्रेंच शल्यविशारदाने बाळाच्या हिरडीला चीर देण्याचा उपचार पुरस्कारिला, आणि तो पुढे तीनशे वर्षे चालू राहिला. पाश्चात्त्य देशांत दात येण्याच्या वेळी देण्याच्या ज्या भुकट्या मिळत, त्यांत पाऱ्याचा क्षार असे. त्यापायी असंख्य मुलांचे हातपाय लालगुलाबी होऊन सोलवटत, मुले चिडचिडी व क्षीण होत, काही दगावतही. ह्या रोगाचे मूळ पाऱ्यात आहे असा पुरावा १९४८ साली पुढे आला. १९५४ च्या सुमारास इंग्लंडातील भुकट्यांतून पारा काढून टाकण्यात आला आणि पाहता पाहता तो रोगच नाहीसा झाला. म्हणजे मुलांना पिडत होते ते औषध. दात बिचारा निरपराध होता.

मग ह्याच वयात मुले आजारी का पडतात? सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती ओसरू लागते. त्याच वेळी उष्टावण होऊन बाहेरचे अन्नपाणी सुरू होते. त्याच वेळी बाळ रांगू लागते आणि हाती येईल ते तोंडात घालते. हे सर्व आणि दात येणे एकाच काळात घडत असल्यामुळे आपण एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारतो. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिरते, अंग किंचित कोमट लागते. इतके खरे आहे. परंतु खरा ताप, जुलाब, वारंवार वांत्या ही दाताची लक्षणे नव्हेत. जुलाब लागताच क्षारसंजीवनीचे पाणी पाजावे. पुडीवर लिहिले असेल तितक्याच उकळून थंड केलेल्या पाण्यात ती विरघळवावी; कमीही नको, जास्तही नको. अंगावरचे दूध थांबवू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताचे औषध चौदा दिवस द्यावे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व सोडा ह्यांचे पाणी पाजवून सहस्रावधी जीव वाचविले. आपल्याच देशात सिद्ध झालेला हा उपाय घरात असता मी दाताची वाट पाहत बसलो, ह्याची मला आजही लाज वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दात उशिरा येतो म्हणजे किती उशिरा, आणि तेव्हा करावे काय?

दाताचा प्रारंभ बाळाच्या जन्मानंतर होत नाही. आईच्या उदरात सहाव्या-सातव्या आठवड्यातच दुधाच्या दातांची बीजे धरू लागतात आणि चौथ्या महिन्यापासून त्यांत कठीण द्रव्य साचू लागते. मूल जन्माला येते तेव्हा त्याच्या जबड्यात वीसही दात दडलेले असतात. सामान्यतः खालचे मधले दोन पटाशीचे दात सहाव्या ते दहाव्या महिन्यात दिसतात, वरचे मधले आठव्या ते बाराव्या महिन्यात. बाजूचे पटाशीचे त्यानंतर. पहिल्या दाढा तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात, सुळे सोळाव्या ते तेविसाव्या महिन्यात, आणि दुसऱ्या दाढा दोन वर्षांच्या आगेमागे ते पावणेतीन वर्षांपर्यंत. तीन वर्षांचे मूल झाले की वीस दातांचा संच पुरा व्हावा. हा क्रम म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. चारसहा महिन्यांचा फरक निरोगी मुलांतही पडतो. वरचा दात आधी आला तर मामाला भारी, असे आपल्याकडे म्हणतात. क्रमात असा थोडा बदल पुष्कळ मुलांत आढळतो; मामाने निश्चिंत असावे.

अपुऱ्या दिवसांचे मूल असेल तर महिने मोजताना जन्मतारखेपासून न मोजता, जी तारीख डॉक्टरांनी दिली होती तेथून मोजावेत. जन्मतः वजन फार कमी असलेल्या मुलांतही दात मागे राहतात. आपल्या काही घरांतून बायका अद्याप मिश्री लावतात. गरोदरपणी ती लावल्याने बाळाचे वजन कमी भरते, हेही जाता जाता सांगतो.

दंतवैद्यांचा सल्ला असा आहे की पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, किंवा दात आलेला नसला तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दाखवून घ्यावे. दीड वर्ष होऊनही एकही दात नसेल तर मात्र तपासणी टाळूच नये. आणि एका बाजूचा दात आला, दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार सहा महिने झाले तरी आला नाही, तरीही दाखवावे. कधी दोन दात एकमेकांना जुळून आलेले असतात, कधी पडल्यामुळे बीजाला मार लागलेला असतो, आणि क्वचित तो दात मुळातच नसतो. तसे असल्यास त्या जागी पुढे येणारा कायमचा दातही नसण्याचा संभव असतो, म्हणून ते आधी कळणे हिताचे. क्षकिरणांचे चित्र काढावयाचे की नाही हे दंतवैद्यावर सोपवावे; इतक्या लहान मुलाचे ते आवश्यक असेल तेव्हाच काढतात. हिरडीवर निळसर फुगवटी दिसली तर घाबरू नये आणि ती टोचू नये. बहुधा तिच्याखालूनच दात वर येतो.

आम्ही बाळ बरे झाल्यावर त्याच डॉक्टरांना दाताविषयी विचारले. त्यांनी तोंड शेवटी पाहिले. आधी सारे मूल पाहिले. बसायला कधी लागला, उभा कधी राहिला, एखादा शब्द बोलतो का, उंची-वजन कसे वाढते आहे? मनगटे जाड झाली आहेत का, पाय वाकले आहेत का? तसे असल्यास मुडदूस, म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाचा अभाव, असू शकतो. पूर्वी वाडीतल्या घरी बाळ तेल लावून अंगणातील उन्हात लोळत असे. आता नालासोपारा-विरारच्या इमारतींत कित्येक मुलांच्या अंगावर आठवडाभर ऊन पडत नाही, आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. मूल सुस्त आहे का, बद्धकोष्ठ आहे का, जीभ मोठी वाटते का? तसे असल्यास थायरॉइड ग्रंथीची रक्ततपासणी करावी. तो दोष वेळीच कळला तर साध्या गोळीने मुलाची बुद्धी व वाढ वाचते, आणि उशीर झाला तर ती हानी भरून येत नाही. डॉक्टरांनी अखेर विचारले, "केस विरळ आहेत का? घाम येतो का?"

ह्या शेवटच्या प्रश्नाचे मला नवल वाटले. त्याचे उत्तर डार्विनच्या ग्रंथात सापडले. १८७५ साली निघालेल्या आवृत्तीत त्याने सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली आहे. त्या कुटुंबातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून चार बारीक पटाशीचे दात आणि आठ दाढा इतकेच दात होते. अंगावर केस नाममात्र, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांचे हाल होत. मुलींत हा विकार दिसत नसे, परंतु मुलींच्या मुलांत तो उतरे. आज विज्ञान त्याचे कारण जाणते: ते गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. अशा मुलाला घाम येत नसल्यामुळे आपल्या वैशाखातील उकाड्यात त्याचा ताप जीवघेणा ठरू शकतो. तेथे दातापेक्षा अंग थंड ठेवणे महत्त्वाचे. हा विकार अगदी विरळा आहे. परंतु आईकडून मुलाकडे काही उतरले म्हणून आई अपराधी ठरत नाही. तिने ते निवडलेले नसते, तिलाही ते कोणाकडून तरी आलेलेच असते. ज्ञातीच्या सभेत हे आवर्जून सांगण्याचे कारण आपण जाणताच.

आमच्या नातवात ह्यांपैकी काहीच नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कोणाचे दात उशिरा आले होते?" मी सूनबाईंच्या माहेराकडे बोट दाखविणार, इतक्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "आगाशीच्या आत्यांना विचारून पाहावे." आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. तिला विचारले तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, "अरे, तुलाच सव्वा वर्षापर्यंत दात नव्हता! आईने जीवदानीला नवस बोलला होता, तो फेडायला मीच बरोबर गेले होते." निरोगी मुलांत दात उशिरा येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच: घराण्याची रीत. ज्या कुळाचा दोष आम्ही दुसरीकडे शोधत होतो, ते कुळ माझेच निघाले. त्या संध्याकाळी मी सूनबाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "दाताचे राहू द्या, बाबा. पुढच्या वेळी जुलाब झाले तर आधी मला सांगा." त्यांनी क्षमा केली की नाही हे मला अद्याप ठाऊक नाही, परंतु क्षारसंजीवनीच्या पुड्या आता देवघरातील फळीवर ठेवलेल्या असतात.

डॉक्टरांनी दीड वर्षापर्यंत थांबण्यास सांगितले आणि काय करू नये हे अधिक विस्ताराने सांगितले. हिरडी कापू नये: दात त्यामुळे लवकर येत नाही, जखम मात्र पिकते. एक वर्षाखालील मुलाला मध चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे अंग लुळे पाडणारा घातक विकार होऊ शकतो. हिरडी बधिर करणारी मलमे लावू नयेत. त्यांतील बेंझोकेन ह्या द्रव्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे बजावले आहे. मनाने चुन्याची औषधे पाजू नयेत. धुतलेल्या बोटाने हिरडी चोळावी, ओले गार स्वच्छ फडके चावावयास द्यावे, तेवढे पुरे. आणि दात नाहीत म्हणून अन्न रोखू नये! मऊ भात, वरण, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे बाळ हिरड्यांनी सहज चिरडते. आपल्या वसईच्या सुकेळ्या मात्र दाढा आल्यावरच.

श्रावणात, सोळाव्या महिन्यात, वाटीतील पेज भरविताना चमच्यावर 'टक्' असा आवाज झाला. सूनबाईंनी पुन्हा एकदा चमचा लावून पाहिला. घरातील सर्वजण धावत आले. दात आला तो कोणाच्याही उपायाने नव्हे. त्याची वेळ झाली म्हणून आला. आता त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून ब्रश फिरविण्याचे काम माझ्याकडे आहे.

मंडळी, समारोप करतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्या शेजारच्या पालघर येथे झाला. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून आपला जिल्हाच त्याच्या नावाचा झाला. ह्या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते, आणि मुडदूस, दातांची कीड, वाढीतील विलंब ह्यांचा तीत समावेश आहे. ज्यांना विशेष उपचार लागतील त्यांना मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, परळला वाडिया बाल रुग्णालय आहे. विरारच्या गाडीत बसले की वाट सरळ आहे. परंतु तेथवर जाण्यास आईला घरातून परवानगी मागावी लागू नये, ही सोय सरकार करू शकत नाही. ती आपणच केली पाहिजे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, पुढील स्नेहसंमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या आधी तीन वर्षांखालील मुलांची तपासणी एका बालरोगतज्ज्ञाकडून व एका दंतवैद्याकडून व्हावी. त्या दिवसाचा खर्च मी देईन. दुसरी सूचना बिनखर्चाची आहे. कोणाच्याही घरी वाढदिवसाला गेलो तर बाळाच्या तोंडात डोकावून त्याच्या आईचे माहेर विचारू नये. दात येतो तेव्हा येतो; बोललेला शब्द मात्र परत घेता येत नाही.